सोमवारचा साक्षीदार

हरेश सलग एकतीस संध्याकाळी ऑनलाइन पोकरमध्ये जिंकला. समोर दर वेळी वेगळ्या नावाचा खेळाडू होता.

बत्तिसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, त्याने रोह्याला बहिणीच्या घरी येऊन नोकरीचा राजीनामा तिच्यासमोर ठेवला.

"उद्या साक्ष झाली की परवा नागोठण्याला नेऊन देतो. तू फक्त मराठी तपास, ताई."

दिपिका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत असे. तिने कागद न वाचताच उलटा ठेवला.

राज्य सरकारने नेमलेली समिती सोमवारी मुंबईत लोकांचे म्हणणे ऐकणार होती. ऑनलाइन पोकरला जुगारबंदीच्या कायद्यातून वगळून परवाने द्यावेत का, एवढाच प्रश्न होता. हा कौशल्याचा खेळ आहे असे समितीला पटले, तर परवाने मिळण्याची शक्यता दाट होती. ते पटवण्यासाठी पोकरचे ॲप चालवणाऱ्या कंपनीला माणूस हवा होता. नागोठण्याच्या कारखान्यात शिफ्ट करणारा, पत्त्यांपलीकडे कसलाही नाद नसलेला आणि महिनाभर न हरलेला हरेश तिला आयता सापडला होता.

"नाणं एकतीसदा उडवून एकतीसदा छापा पडायची शक्यता किती, सांगू?" दिपिका म्हणाली. "दोनशे चौदा कोटींत एक."

"नाणं उडवायला डोकं लागत नाय. पोकरला लागतं."

"तुला? गौरीच्या जागरणाला आईसमोर पत्त्यांचा एक डाव कधी जिंकला नाहीस."

"आईसमोर अख्खं हमरापूर जिंकलं नाय. तू जिंकलीस?"

दिपिकाही जिंकली नव्हती. पण मुद्दा तो नव्हता. "चांगला खेळाडूही चार दिवसांत एकदा हरतो, हरेश. जो कधीच हरत नाही, तो खेळत नसतो. त्याला कुणीतरी खेळवत असतं."

हरेशचा चेहरा उतरला आणि मग कठोर झाला. "आठ वर्षं मीटरचे काटे बघतोय. पहिल्यांदा कुणीतरी माझ्या डोक्याचं नाव काढलं, तर तुझं गणित आडवं. राजीनामा देणार म्हणजे देणार."

त्याने कागद उचलला आणि तो निघून गेला. दिपिकाचा संताप त्याच्यावर नव्हता. साध्या माणसाला 'कुशल' म्हणून फुगवायचे, समितीपुढे उभे करायचे आणि त्याच्या खांद्यावरून परवाना मिळवायचा, हे ज्याला सुचले त्याच्यावर होता.

तिच्याकडे एकच गोष्ट उरली होती. हरेशने फुशारकीने तिला पाठवलेली त्याच्या डावांची नोंद. खेळाडू राज्याच्या हद्दीत आहे की नाही, हे पाहण्यासाठी ॲप प्रत्येकाचे ठिकाण टिपत असे. दिपिकाने एकतीस ओळी पेन्सिलने तपासल्या. साईराज, किमया, नथानियल, प्रणिता. नावे एकतीस होती. ठिकाण एकच होते: हमरापूर.

दुपारच्या गाडीने ती पेणला उतरली आणि तिथून टमटमने हमरापूरला गेली. आई तिथेच राहत होती. आधी काम, मग आई, असे तिने ठरवले. फाट्यावर मिरच्या निवडत बसलेल्या हौसाकाकूंना तिने विचारले, इथे मोबाईलवर पत्ते कोण खेळते?

"खेळत नाय गो, शिफ्ट करतात," काकू म्हणाल्या. "गणपती गेले की रंगकाम थंडावतं. मागल्या कारखान्यात बायांना बसवलंय. पंखा हाय, चहा हाय."

संध्याकाळ होत आली होती. मूर्तींच्या त्या कारखान्यात भिंतीला टेकून दहा-बारा बायका हातात फोन घेऊन बसल्या होत्या. देखरेखीला महिपती नावाचा पनवेलचा माणूस होता. दिपिकाने नोंदीवरचा, सोमवारच्या साक्षीदाराचा खेळाडू-क्रमांक सांगितला. तो क्रमांक कंपनीबाहेर कुणाला माहीत असणार? महिपतीने खुर्ची पुढे केली.

"मुख्य ऑफिसातून आलात ना, मॅडम? काळजी नको. समितीपुढं न्यायचा माणूस हाय, सोमवारपर्यंत त्याला हरू द्यायचं नाय, असं वरून सांगितलंय."

"आणि बाकीचे नवे खेळाडू?"

"त्यांना आठवडाभर जिंकवतो. समोरून आपल्याच बोलीत दोन शब्द आले की माणूस टिकतो, म्हणून इथल्या बाया. त्यांना फक्त नंबर दिसतो. समोर कोण हाय ते त्यांना कळत नाय, कळायचं कारण पण नाय."

"ही फसवणूक आहे." दिपिकाचा आवाज सपाट होता. तिच्या विद्यार्थ्यांना या आवाजाची भीती वाटत असे.

महिपती हसला. "परवाना मिळाला की बंदच करायचंय. आणि मॅडम, कौशल्य नाय असं कसं म्हणता? जिंकणं नशिबानंही जमतं. समोरच्याला संशय न येता हरायचं, तर त्याची पानं ओळखावी लागतात. तुमच्या साक्षीदाराला पहिल्या दिवसापासून एकच बाई दिलीय, रोज नवं नाव लावून. असा हात मी दुसरा बघितला नाय."

"त्या बाईंना मला भेटायचं आहे. समितीपुढे नेण्यासाठी."

"न्या की. पण आता तिचा डाव चाललाय." त्याने कोपऱ्याकडे बोट केले.

रंगाच्या रिकाम्या डब्यांपलीकडे एक बाई पाठमोरी बसली होती. दिपिका जवळ गेली. फोनच्या पडद्यावरचा समोरच्या खेळाडूचा क्रमांक दिपिकाच्या हातातल्या कागदावरच्या क्रमांकाशी अंकाअंकाने जुळत होता. तिने बाईच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांब गो बाय," बाई मान न वळवता म्हणाली, "आधी याला जिंकवते."

दिपिकाने पेन्सिल काढली आणि एकतीस ओळींच्या खाली कारण लिहिले: हरेश रोज जिंकला, कारण रोज त्याची आई हरली.