पार्वताबाईचं पथ्य

हिवरखेडच्या बाया अंगणातूनच रडण्याचा हेल काढत आल्या, तशी रागिणी दारात आडवी आली. आईच्या जबड्याचं ऑपरेशन झालंय, गळ्यात पडू नका, म्हणाली.

बाया थबकल्या. तेल्हाऱ्याकडची रीतच अशी, की बाहेरगावच्या बाईनं दारात हेल काढायचा आणि घरातल्या विधवेनं तो उचलून धरायचा. इथे उचलायला कोणी नव्हतं. पार्वताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. डावा गाल लिंबाएवढा सुजलेला, डोळे कोरडे ठणठणीत.

"नवरा मेला अन् हिले दाताची पडली," आत्या म्हणाली. म्हणजे गेलेल्या नत्थुजींची बहीण. म्हणाली हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकं हळू.

रागिणीनं तिलाही समजावलं. आईचे वरचे, डाव्या बाजूचे चार दात रागिणीच्या जन्माआधीच गेलेले. हसताना तोंडावर हात धरायची सवय तेव्हापासूनची. इतक्या वर्षांत तिथलं हाड झिजून पापडासारखं झालं होतं आणि वरची सायनसची पोकळी खाली उतरून आली होती. राजापेठेतल्या डॉक्टर प्रतीक्षांनी हिरडी उघडून, हाडाला छोटी खिडकी पाडून, सायनसचं अस्तर अलगद वर उचललं आणि त्याखाली हाडाची भुकटी भरली. सहा महिन्यांत ती धरली की तिच्यात स्क्रू आणि स्क्रूवर दात. तोवर जपायचं. पहिले पंधरा दिवस तर नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं आणि रडायचं मुळीच नाही. जोर बसून अस्तर फाटलं की केलं ते सगळं पाण्यात.

"असा कोणता डॉक्टर हाय वं, जो नवऱ्यासाठी रडू देत नाही?" आत्यानं विचारलं.

रागिणी स्वतःलाच दोष देत होती. बाबा तीन वर्षं लकव्यानं अंथरुणावर. अकोल्याच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, तेव्हाच तिनं आईला म्हटलं होतं, की दातांचं पुढे ढकलू. पण आईचं एकच, डॉक्टरीणबाईनं याच आठवड्याची तारीख देल्ली, मंग दोन महिने नाही म्हणते. रागिणीनं मान्य केलं. तीन वर्षं चमच्यानं पेज भरवणाऱ्या, रात्रंदिवस कूस बदलून देणाऱ्या बाईनं जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं होतं. त्याला नाही कसं म्हणणार?

ऑपरेशननंतर तिसऱ्याच दिवशी नत्थुजी गेले.

तेरवीपर्यंत रागिणी आईच्या उशाशी राखणीला बसावं तशी बसली. हेल यायचे आणि उंबऱ्यावर पडून राहायचे. आई उठून बायांना पाणी विचारायची. बाबांची बाज बाहेर काढली त्या दिवशी मात्र आईचे खांदे हलायला लागले. रागिणी धावली. "आई, नको. टाके आहेत."

आईनं तोंडावर हात दाबला आणि मान हलवली. रागिणी मागच्या अंगणात गेली आणि दोघींच्या वाटणीचं रडून आली. बाबांनी तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. अशा माणसासाठी आईला दोन आसवंही गाळता येऊ नयेत, हे तिला सोसवत नव्हतं.

तेरवी झाल्यावर दोघी राजापेठेत गेल्या. टाके निघाले. डॉक्टर प्रतीक्षा खूश होत्या. जखम छान भरली होती, हाड धरणार म्हणाल्या. पार्वताबाई चपला घालायला बाहेर गेल्या.

"मॅडम, आता रडलं तर चालेल ना तिला?" रागिणीचा आवाज चिरकला. "एक थेंब नाही काढला हो तिनं. तुम्ही तारीख थोडी पुढची दिली असती तर..."

डॉक्टर हातमोजे काढता काढता थांबल्या.

"मी पुढचीच दिली होती. घरात एवढं आजारपण, काही झालं तर रडणं होणार, दोन महिने थांबू, असं म्हटलं मी. ऐकायलाच तयार नाहीत."

"काय म्हणाली?"

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली केला.

"म्हणाल्या, 'बाई, म्हणूनच तं लवकर करा. हे दात त्यानंच पाडले, अन् आता लोकं मले त्याच्यासाठी रडाले लावतीन.'"