भाजलेल्या विटेतला पंजा

पळसदरीच्या जुन्या बंगल्याच्या तांबूस विटा पुन्हा उजेडात याव्यात म्हणून धाऊ आठवडाभर बाहेरचा गिलावा हलक्या हाताने सोडवत होता. पण उघडलेल्या प्रत्येक विटेत लहान मुलाच्या पंजाचा ठसा रुतलेला होता.

"गिलावा आतून सपाट आहे," मालक शकूरशेठ म्हणाले. "ठसे जुने असते तर त्यात भरलेल्या गिलाव्याचे उंचवटे दिसले असते. म्हणजे पंजे आत्ताचे, तुझ्याच पोरांचे. उद्यापासून येऊ नकोस."

धाऊ संतापला. "जन्म वीटभट्टीवर गेला माझा, शेठ. भाजलेल्या विटेत बोट रुततं काय? तुमीच काढा एक पोपडा."

शकूरशेठांनी पोपडा ओढला. आतली वीट कोरी होती.

"बघ," ते म्हणाले.

धाऊ बघतच होता. दोघांच्या देखत, कोणाचाही हात लागलेला नसताना, त्या विटेत आधी इवल्या करंगळीचा ठसा रुतला, मग तिच्या शेजारच्या बोटाचा.