उन्हाळी घेवडा

"पाणी दिलं होतंत ना?"

"रोज दिलं, मॅडम. सकाळ-संध्याकाळ," बियाणं-चाचणी केंद्राचा प्रमुख म्हणाला.

घेवड्याची झाडं हिरवीगार होती, पण औषधालासुद्धा एक शेंग नव्हती. झाडांखाली वाळलेल्या फुलांचा सडा पडला होता.

"फुलं भरभरून आली होती. ऊन तापलं तशी गळून गेली."

"या वाणाची फुलं उन्हात गळत नाहीत. त्यासाठीच तर तो तयार केलाय."

"तुमच्याकडे नसतील गळत," तो पुटपुटला.

ते तिला झोंबलं. या भागातला उन्हाळा वर्षागणिक कडक होत चालला होता. उन्हाळ्यात कोवळा घेवडा बाजारात दिसेनासा झाला होता. एका राकट, रानटी घेवड्याचा इथल्या कोवळ्या जातीशी संकर करून तिनं कितीतरी उन्हाळे त्यामागे घालवले. दरवर्षी फुलं यायची आणि गळायची. "मॅडमची फुलशेती जोरात आहे," असं सहकारी हसायचे. तीही हसायची, आणि घरी येऊन गप्प बसायची.

मग सासूबाई गेल्या आणि सासरे तिच्याकडे राहायला आले. नवरा परगावी नोकरीला. सरकारी घरात ही दोघंच. सासऱ्यांनी जन्मभर लाँड्री चालवलेली. त्यांना स्वस्थ बसणं माहीत नव्हतं. घरामागेच तिचा प्रयोगाचा वाफा होता. ती दिवसभर प्रयोगशाळेत असायची. "बाबा, झाडांना हात तेवढा लावू नका," एवढंच तिनं बजावलं होतं.

"छे गं, हात कशाला लावतोय!" ते म्हणाले होते.

त्याच उन्हाळ्यात झाडं शेंगांनी लगडली. त्यातलं बी तिनं राखलं, पेरलं. पुढच्या उन्हाळ्यातही तेच. तिनं सासऱ्यांना वाकून नमस्कार केला. "तुमचा पायगुण, बाबा!"

म्हातारा लाजला होता.

आता खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाच्या या केंद्रावर मात्र तेच बी नापास झालं होतं.

संचालकांनी तिला बोलावून घेतलं. "ऊन दोन्हीकडे सारखंच?"

"सारखंच. मातीही तीच. माझ्याकडे शेंगा आहेत, त्यांच्याकडे नाहीत."

"मग?"

"फरक माणसाचा आहे, सर."

केंद्रप्रमुखाची नेमणूक हंगामी होती. ती पुढे चालू झाली नाही. जाण्याआधी त्याचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळेच तिला तो नकोसा वाटला.

"मॅडम, मुलीची शाळा मध्येच सोडवावी लागतेय. त्याचं जाऊ दे. पण बी वाटण्याआधी एकदा इकडे या. भर दुपारी माझ्याबरोबर वाफ्यात उभ्या राहा. मी काय चुकलो ते दाखवा."

"आता वेळ नाही," ती म्हणाली. ते खरंही होतं. बियाण्याची पोती ट्रकमध्ये चढत होती. येत्या उन्हाळ्यात अख्खं खोरं हाच घेवडा लावणार होतं.

शेवटचा ट्रक गेला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या. पण संध्याकाळी जेवताना घास तोंडात फिरायला लागला.

"काय झालं गं?" सासऱ्यांनी विचारलं. उन्हानं रापलेला त्यांचा चेहरा काळजीनं आणखी काळवंडला. "आज तर आनंदाचा दिवस."

"त्या केंद्रावरच्या माणसाला काढलं, बाबा. माझ्या सांगण्यावरून."

"कामचुकार होता?"

"असणारच. नाहीतर तिथं फुलं का गळावीत? बी तेच, ऊन तेच, पाणी तेच."

सासऱ्यांनी मान हलवली. तिच्या ताटात आग्रहानं भाजी वाढली. मग त्यांना त्या माणसाची दया आली असावी.

"एकट्याला जमत नसेल बिचाऱ्याला," ते म्हणाले. "मीसुद्धा पार थकून जातो गं. भर दुपारी झाडांवर ओल्या चादरी धरायला त्याच्याकडे दुसरं कुणी नव्हतं का?"