बिनमडगार्डची मंडळी

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा बरं: पावसात काकांची टोळी फिटनेससाठी सायकली दामटत निघाली आहे. वजन नको म्हणून सगळ्यांनी मडगार्ड काढून टाकलेत. ढेऱ्या मात्र सोबत आहेत.

“मडगार्ड लावून आलीस? चारचौघांत लाज आणलीस! मागे पडलीस तर पुन्हा आणणार नाही,” टोळीतले एक बाबा सोबत आलेल्या लेकीवर खेकसले.

थोड्याच वेळात पुढच्याच्या चाकाचा चिखल मागच्याच्या तोंडात जाऊ लागला. फक्त लेकीच्या चाकाचा उडत नव्हता. तिच्यामागची ती एक जागा पटकावायला काका एकमेकांना रेटू लागले.

“सरका! मुलगी माझी आहे!” बाबा घुसले. “बाळा, तू पुढेच राहा हं. जाशील तिकडे येतो.”

 

बाळाने सायकल घाटाच्या चढाला घातली.