पाचोळ्याचा माणूस

भोंगा व्हायची वेळ जवळ आली होती आणि माणसाला अजून पाय नव्हते.

शॉना पोर्चच्या पायरीवर बसून पॅन्टमध्ये पाचोळा कोंबत होती. सहाला अग्निशमन केंद्राचा भोंगा झाला की गावातली पोरं सोंगं घेऊन दारोदार सुटतात, आणि ज्या घराला सजावट नाही त्या घराकडे वळूनही बघत नाहीत. या गावातलं त्यांचं हे पहिलंच हॅलोविन. शाळेत तिच्या लेकीशी, टिलीशी, अजून कोणी धड बोलत नव्हतं. आज तरी पोरं दारात यावीत, एवढंच शॉनाला हवं होतं.

पैसे चॉकलेटांतच संपले होते. मग दुधाच्या रिकाम्या डब्यांवर काळे डोळे काढून त्यांची भुतं केली, कचऱ्याच्या पिशव्या कापून वटवाघळं केली. टिलीला चादरीचं भूत हवं होतं, पण चादरी दोनच, त्या रात्री अंगावर लागायच्या. पाचोळा मात्र शेजारच्या मिसेस कोवालिकनी पोती भरभरून दिला.

"ने गं, ने! झाडाखालचं सगळं ने," त्या कुंपणावरून ओरडल्या. "माझ्या कंबरेला आता झाडणं झेपत नाही. आणि बाप्याला पोट जरा सुटलेलं ठेव. सडपातळ बाप्ये या गल्लीत शोभत नाहीत!"

"तुम्ही म्हणाल तेवढं सोडते," शॉना म्हणाली. हसायला बरं वाटलं.

पॅन्ट चर्चमधल्या फुकटच्या ढिगातली होती. जॅकेट वेनचं, तिच्या नवऱ्याचं. ऑगस्टात घर सोडताना दाराजवळच्या खुंटीवरून घाईत ओढलेलं, आणि ते आपलं नाही हे बरंच पुढे, पेट्रोल भरताना कळलेलं. टिली तेव्हा मागच्या सीटवर झोपली होती. पोर गाढ झोपेची. आधीही घरात कितीही आदळआपट झाली तरी कधी उठायची नाही. तिने काही पाहिलं नाही, काही ऐकलं नाही, या एका गोष्टीवर शॉना तग धरून होती.

माणूस पोर्चवरच्या खुर्चीत बसला. कागदी पिशवीच्या डोक्यावर टोपी, तोंडावर स्वस्तातला कवटीचा मुखवटा. गालावर मांजरीच्या मिशा काढलेली टिली बाहेर आली आणि त्याच्याभोवती एक चक्कर मारून उभी राहिली.

"याला कोणी घाबरणार नाही."

"का गं? दात बघ केवढाले!"

"मुखवट्याला कोण घाबरतं, मम्मी?"

तिने मुखवटा काढून टाकला. टोपी खाली ओढली, हनुवटी छातीवर टेकवली. पाय पुढे पसरून दिले. डावा हात खुर्चीखाली लोंबता सोडला. उजवा हात धरून ती जरा विचारात पडली, मग हातमोज्याची बोटं एकेक करून आत वळवली आणि ती मूठ त्याच्या गुडघ्यावर ठेवली.

"आता बरोबर. झोपलाय, पण पूर्ण नाही."

शॉनाच्या हातातला पाचोळा हातातच राहिला. "कोण झोपलाय, टिली?"

"कोणी नाही. पाचोळाच आहे." टिलीने ओठांवर बोट ठेवलं. "पण तू हळू बोल. आणि मधून नको येऊ, फळी वाजते. कडेने ये."

मग चवड्यांवर, भिंतीला अंग घासत, ती त्याच्या पायांना वळसा घालून गेली. जाळीचं दार तिने आधी जरासं उचललं, मग ओढलं. उचलून ओढलं की बिजागरी कुरकुरत नाही. हे तिला कोणीही शिकवलेलं नव्हतं. गाढ झोपेची म्हणे!

ती टिलीच्या मागोमाग आत गेली. आत पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, आपणही कडेनेच आलो. आणि दार आपटू नये म्हणून आपला हात अजून मागे तसाच आहे.

तेवढ्यात भोंगा झाला. दोघी दचकल्या. दोघींनी आधी खुर्चीकडे पाहिलं.

रस्त्यावर पोरांचा एकच गलका उठला. टिली चॉकलेटांचं भांडं पोटाशी धरून जागची हलेना.

"मम्मी, त्यांना सांग ना, एवढ्या मोठ्याने ओरडू नका म्हणून."

शॉनाने दारावरचा हात काढून घेतला. दार स्प्रिंगच्या जोराने धाडकन आपटलं. टिलीने डोळे गच्च मिटले. शॉनाने दार पुन्हा पुरतं ढकललं आणि पुन्हा सोडून दिलं. धाडकन.

"अगं, दार मोडशील!" मिसेस कोवालिक तिकडून ओरडल्या. "घरमालक भरून घेईल!"

"घेऊ दे!" शॉना ओरडली. आवाज मोठा निघाला.

टिलीने एक डोळा उघडला. खुर्चीतल्या माणसाची मूठ होती तिथेच होती. तिने भांडं खाली ठेवलं, दोन्ही हातांनी दार ढकललं आणि सोडलं. थांबली. जाळीतून नीट बघितलं. पुन्हा ढकललं, आणखी जोरात.

फाटकापाशी आलेली पोरं आ वासून बघत राहिली. त्यात तिच्या वर्गातलीही दोघं होती. पुढे यावं की नाही, त्यांना कळेना.

"या ना वर!" टिली बेंबीच्या देठापासून ओरडली. "हा उठत नाही!"