निळ्या शेपटीचा

प्रयोगशाळेतल्या यंत्राचा आडवा दांडा फिरू लागला तशी ओळंब्याने मान ताठ केली. गवंडीकामात हयात घालवलेल्या या माणसाचं हे नाव सोबतच्या गवंड्यांनी ठेवलेलं. कितीही ढोसली तरी उंच भिंतीवरून हा भिंतीचा सरळपणा तपासायच्या ओळंब्यासारखा सरळ चालायचा. आज लेकीच्या प्रयोगाचा दिवस. त्या आनंदात सकाळीच थोडी झाली होती.

"कुणाला पत्ता तरी लागला का?" तो लेकीच्या कानाशी लागला.

"मला लागला, बाबा."

तिने दोन उंदीर दांड्यावर ठेवले. दोघांनाही कित्येक आठवडे रोज दारू पाजलेली, आजही सारखीच. निळ्या शेपटीच्याला मात्र तिने शोधलेल्या मुळीचा अर्कही दिलेला. विभागाचे मोठे साहेब हाताची घडी घालून उभे. अर्क फुकट गेला तर पोरीचं काम बंद, एवढं ओळंब्यालाही ठाऊक होतं.

अर्क प्यालेला गडी म्हणजे पैलवानच असणार! त्याने निळ्या शेपटीवर नजर रोखली.

गडी डुलला, घसरला आणि खालच्या कापसावर धपकन पडला. दुसरा चालतच राहिला, ऐटीत.

ओळंब्याने डोळे मिटले. मेल्याने पोरीचं नाक कापलं.

टाळ्या वाजल्या तेव्हा उघडले. साहेब लेकीचं अभिनंदन करत होते.

"अगं, तुझाच पडला ना?"

"पडायलाच हवा होता, बाबा. इतकी प्यायल्यावर धडधाकट जीव पडतोच. अर्काने त्याला दारू अंगवळणी पडू दिली नाही."

"आणि हा? हा तर अगदी माझ्यासारखा..."

"याच्या अंगवळणी पडलीय. शरीराने तक्रार करायचं सोडलंय." तिने बापाकडे पाहिलं. "दारूने आपलं काम सोडलेलं नाही."

ओळंबा त्या उंदराकडे बघत राहिला. तो अजून चालत होता. मान ताठ.

निघताना पायऱ्यांपाशी तो थबकला. "खांदा दे गं जरा."

"तुम्हाला? तुम्ही तर कधी कठडाही धरत नाही."

"दे म्हटलं ना!"

लेकीवर भार टाकत तो एकेक पायरी उतरला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, "काय काका, बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय?" ओळंब्याने छाती फुगवली. हात मात्र खांद्यावरून काढला नाही. "आमच्या पोरीचा उंदीर पडला. दोघांत पहिला!"