आधीच्या बाईंची खोली

"फोन आम्ही देऊ," मालविका म्हणाली. "काँट्रॅक्ट आमच्या नावावर, म्हणजे तुम्हाला त्यावर टॅक्स नाही. राहायला खोली, जेवण, दोन्ही टॅक्स-फ्री. वर्षातून एकदा हेल्थ चेकअप, तेही टॅक्स-फ्री. पेन्शन आहेच."

"आणि हातात?" रेखाने विचारलं.

"हातात थोडं कमी. पण सगळं धरून बघा ना, रेखाताई."

"चेकअप काही बँकेत टाकता येत नाही."

सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसलेला मालविकाचा नवरा अनुप मान वर न करता म्हणाला, "ईलिंगला एवढंसुद्धा कोणी देत नाही."

"मग ईलिंगचीच बघा एखादी."

रेखा बोलली तडकाफडकी, पण जीव त्या खोलीत अडकला होता. सध्या ती लंडनच्याच हॅरो भागात मैत्रिणीच्या सोफ्यावर झोपत होती आणि रविवारी मैत्रिणीचे सासूसासरे यायचे होते. पिनरची ही खोली हातची गेली तर बॅग घेऊन कुठे जायचं, हे तिलाच ठाऊक नव्हतं.

तरी तिचा एक नियम होता. घरवाले नॅनीची चौकशी करतात, तशी नॅनीनेही घरवाल्यांची करायची. आधीच्या बाईशी बोलल्याशिवाय घर धरायचं नाही. मागच्या वेळी तेवढं राहिलं आणि अख्खा हिवाळा हीटर नसलेल्या खोलीत काढावा लागला.

जिन्यावरून एक म्हातारा खोका घेऊन उतरला. त्याची ओळख कोणी करून दिली नाही. खोली रिकामी करायला इथल्या मराठी मंडळातलं कोणी बोलावलं असेल, असं रेखाला वाटलं. खोक्यात वर गुडघ्याचे पट्टे होते, गरम पाण्याची पिशवी होती आणि एक चष्मा. चष्म्याची मोडकी काडी डायनासोरच्या चित्राच्या प्लास्टरने चिकटवली होती.

"आधीच्या बाईंचं सामान?"

मालविकाने अनुपकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला.

"त्या पण इथेच राहायच्या?"

"आमचा वीर जन्मल्यापासून."

"सुट्टी किती असायची?"

"त्यांना कुठे जायचंच नसायचं," मालविका म्हणाली.

"विचारलं होतं कोणी?" म्हातारा दारातून म्हणाला.

"तुम्ही तो खोका गाडीत ठेवा," मालविका त्याला म्हणाली.

तो हलला नाही. रेखाला त्याचा आगाऊपणा आवडला.

"फोन?"

"घरात आहे की लँडलाइन."

"आणि चेकअप?"

म्हाताऱ्याने खोका जमिनीवर आदळला.

"रेखाताई, आपण तुमच्या पॅकेजचं बोलू या," मालविका म्हणाली.

"त्यांचा पगार किती होता, तेवढं सांगा."

"नव्हता," म्हातारा म्हणाला.

रेखाच्या डोक्यात सणक गेली. असली घरं तिने ऐकली होती. गावाकडची एखादी गरीब बाई आणायची, वर्षानुवर्षं राबवायची.

"पासपोर्ट कुठे ठेवला होता तिचा? तुमच्या कपाटात?"

"काय बोलताय तुम्ही!" अनुपने लॅपटॉप फाडकन मिटला.

"याला इकडे गुलामी म्हणतात. पोलीस येतात दारात."

"आमच्यात पैशाचा प्रश्नच नव्हता," मालविका म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"तुमच्यात नसेल. तिच्यात होता का, ते तिला विचारते ना मी. नोटीस देऊन गेली?"

"नाही," अनुप म्हणाला. "सोमवारी सकाळी, ऐन शाळेच्या वेळेला. मला मीटिंग सोडून यावं लागलं."

बरं केलं बाईने, रेखा मनात म्हणाली. हातात पिशवी घेऊन, मागे वळून न बघता स्टेशनकडे निघालेली ती बाई तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

ती उठली आणि कोट घातला. रविवार आठवला, पण बोलायचं ते ती बोललीच.

"तिच्याशी बोलल्याशिवाय मी या घरात बॅग आणणार नाही. नंबर नसेल तर पत्ता द्या. मी जाऊन भेटते."

मालविका कार्पेटकडे बघत राहिली. अनुपने लॅपटॉप पुन्हा उघडला, पण बोटं कीबोर्डवर तशीच थांबली.

म्हातारा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. खोक्यातला चष्मा काढून त्याने शर्टाच्या टोकाने पुसला, आणि पहिल्यांदाच सोफ्याकडे पाहिलं.

"सांग ना अनुप," तो म्हणाला. "तुझी आई आता कुठे भेटेल, ते सांग यांना."